रस्त्याची भाषा आणि परका वाटसरू

परदेशातून सुटीवर आलेल्या माणसाला आपल्याकडे जे प्रश्न विचारले जातात त्यांचा क्रम ठरलेला असतो. पगार किती, थंडी किती, जेवणाखाणाचे काय. तिथे रस्ता कसा ओलांडतात, असे कुणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पण त्या माणसाला थोडा वेळ बोलू दिले की तो आपण होऊनच रस्त्यावर येतो. (हा वाक्प्रचार येथे शब्दशः घ्यावा.) तिथे हॉर्न ऐकू येत नाही, गाड्या पायी चालणाऱ्यासाठी थांबतात, मध्यरात्री रिकाम्या चौकातही लोक लाल दिव्यापुढे उभे राहतात, हे सारे तो नवलाने सांगतो. अशा गप्पा मी बरीच वर्षे लक्ष देऊन ऐकत आलो आहे. २०१९ साली पुतणीकडे दोन महिने जर्मनीत राहण्याचा योग आला, तेव्हा काही गोष्टी प्रत्यक्षही पाहिल्या. त्यातून जे मनात जमले ते विद्यार्थी मित्रांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

मी मूळचा बेल्याचा. बेला हे आदिलाबाद जिल्ह्यातले मंडलाचे गाव. उत्तरेला पैनगंगा आणि तिच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा, पूर्वेला कोरपना म्हणजे चंद्रपूर जिल्हा. आमचा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ साली आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. घरात मराठी, कचेरीत तेलुगु, बाजारात दोन्ही आणि वर हिंदी, शिवाय गोंडी बोलणारी माणसे. ज्या अंकाची काही पाने मराठी आणि काही कन्नड असतात, त्याच्या वाचकांना असे गाव निराळे समजावून सांगायला नको. आदिलाबादहून जैनथ, बेला करीत कोरपना आणि गडचांदूरकडे जाणारा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. त्याचा क्रमांक ३५३ बी. गडचांदूरच्या बाजूला सिमेंटचे कारखाने आहेत, त्यामुळे कुठकुठल्या प्रांतांचे ट्रक गावातून जातात. त्या ट्रकच्या चालकाला तेलुगु येत नाही, बहुधा मराठीही येत नाही. ‘पुढे शाळा आहे, सावकाश जा’ असे कोणत्याही लिपीत मोठ्या अक्षरांत लिहिले तरी त्याच्या लेखी ती नक्षीच.

म्हणून परक्याला कळेल अशी भाषा रस्त्याला लागते, आणि ती आहे. तांबड्या काठाचा त्रिकोण म्हणजे जपून, पुढे काहीतरी आहे. तांबडे वर्तुळ म्हणजे मनाई. निळे वर्तुळ म्हणजे असे करावेच लागेल. निळा चौकोन म्हणजे नुसती माहिती. ‘थांबा’ची पाटी अष्टकोनी आणि ‘आधी दुसऱ्याला जाऊ द्या’ची पाटी उलट्या त्रिकोणाची. या दोन्ही पाट्यांना दुसऱ्या कुणाचा आकार दिलेला नाही, कारण बर्फाने किंवा धुळीने अक्षरे झाकली गेली, किंवा पाटी पाठीमागून दिसली, तरी नुसत्या आकारावरून ती ओळखता यावी. देशोदेशींच्या खुणा सारख्या व्हाव्यात यासाठी १९४९ साली जिनिव्हा येथे आणि १९६८ साली व्हिएन्ना येथे करार झाले. भारत १९८० साली व्हिएन्नाच्या करारात सामील झाला. कोरपन्याच्या वळणावरची पाटी आणि म्युनिकच्या वळणावरची पाटी यांत जे साम्य दिसते ते असे आले आहे. आमच्या गावातल्या फार थोड्या गोष्टींबद्दल असे म्हणता येईल.

मात्र पाट्यांची भाषा सारखी झाली म्हणून सवयी सारख्या होत नाहीत. जगातले बहुतेक देश उजव्या बाजूने गाड्या चालवतात. आपण, इंग्लंड, जपान, ऑस्ट्रेलिया वगैरे डाव्या बाजूने. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता सारा देश डावीकडून उजवीकडे नेला. त्याची तयारी किती वर्षे चालली होती ते वाचण्यासारखे आहे. पण पायी चालणाऱ्याच्या मानेला लागलेले वळण एका पहाटेत बदलत नाही. रस्त्यावर उतरण्यापूर्वी आपण आधी उजवीकडे पाहतो. उजव्या बाजूने चालणाऱ्या देशात गाडी येते डावीकडून. लंडनला नेमके याच्या उलट होते, युरोपातला प्रवासी डावीकडे पाहत पाऊल टाकतो आणि बस उजवीकडून येते. म्हणून तिथे फुटपाथच्या कडेला, खाली डांबरावरच, कुठे पाहायचे ते पांढऱ्या अक्षरांत रंगवलेले असते. ‘परदेशी लोकांनी आमचे नियम शिकून यावेत’ असे म्हणून ती नगरी स्वस्थ बसली नाही, हे मला विशेष वाटते.

याहून घोटाळ्याची आहे ती न लिहिलेली भाषा. समोरून येणाऱ्या गाडीने दिव्याची उघडझाप केली तर आपण काय समजतो? ‘मी येतोय, तू थांब.’ जर्मनीत आणि इंग्लंडात तीच उघडझाप पुष्कळदा ‘तुम्ही आधी जा’ म्हणून करतात. माझ्या पुतणीने तिथे गाडी शिकायला घेतली तेव्हा पहिल्याच आठवड्यात समोरच्या मोटारीने दिवे चमकवले आणि ही मुकाट्याने थांबून राहिली. समोरचा थांबलेला, ही थांबलेली. “काका, शेवटी शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, तुला जायचं नाही का?” हा प्रसंग हसून सोडून देता येतो. याच्या उलट बाजूचा येत नाही. जाऊ देणारा समजून गाडी पुढे काढली आणि समोरचा आपल्या पद्धतीने येतच राहिला तर?

आपल्या महामार्गावर तर एकाच देशात दोन भाषा चालतात. ट्रकच्या मागे आपण असलो आणि त्याने उजवा दिवा लावला, तर नियमाप्रमाणे तो उजवीकडे वळणार किंवा उजवीकडे सरकणार. पण कित्येक चालक उजवा दिवा लावून ‘रस्ता मोकळा आहे, काढ गाडी’ असे सांगतात. कुणी त्याचसाठी डावा दिवा लावतो. म्हणजे ज्या खुणेचा अर्थ ‘येऊ नकोस’ तिचाच अर्थ ‘ये’. हे सौजन्यच आहे यात शंका नाही, रात्र रात्र एकत्र प्रवास करणाऱ्यांनी एकमेकांसाठी काढलेली ती सोय आहे. मात्र ज्याला ती ठाऊक नाही त्याच्या जिवावर ती बेतते. ट्रकच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्याची प्रथाही त्याच जातीची. महाराष्ट्रात २०१५ साली परिवहन खात्याने ते लिहिण्यास बंदी केली. जर्मनीत हॉर्न मुख्यतः धोक्याच्या सूचनेसाठी वाजवायचा असतो. दोन महिन्यांत मी तो किती वेळा ऐकला ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल, आणि त्यांतले एक लग्नाच्या वरातीतले होते.

जर्मनीतल्या परवान्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण मला तो भाग सर्वांत शिकण्यासारखा वाटला. आपल्या देशाचा परवाना घेऊन तिथे राहायला गेलेल्या माणसाला सहा महिने गाडी चालवता येते. पुढे मात्र त्याला तिथली लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. त्याआधी डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचे शिक्षण सक्तीचे आहे. रक्त कसे थांबवायचे, बेशुद्ध माणसाला कुशीवर कसे वळवायचे, छाती कशी दाबायची, हे शिकल्याचा दाखला जोडल्याशिवाय परवाना मिळत नाही. गाडीत प्रथमोपचाराची पेटी, धोक्याचा त्रिकोण आणि चमकणारे जाकीट ठेवावे लागते. पुतणीने ते सारे केले आणि लेखी परीक्षेतल्या एका नियमाने तिला बेजार केले. ज्या चौकात दिवा नाही, पाटी नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. मग तुम्ही रुंद रस्त्यावर असा आणि तो गल्लीतून येत असो. ‘मोठ्या रस्त्याचा मान आधी’ ही आपली समजूत तिथे चालत नाही. तिला हा नियम फार विचित्र वाटला. मी परत आल्यावर आपली १९८९ ची नियमावली काढून पाहिली, तर चौकात शिरताना, मुख्य रस्ता म्हणून घोषित केलेला रस्ता नसेल तर, उजवीकडून येणाऱ्या वाहनांना वाट द्यावी असे तीतही लिहिलेले! म्हणजे जे पाहून आमची मुलगी परदेशात चकित झाली ते तिच्या स्वतःच्या देशात कायदा म्हणून तिच्या जन्माआधीपासून होते. इथे तिला ते कुणी शिकवले नव्हते, कुणी विचारलेही नव्हते.

आता दुसऱ्या दिशेचे उदाहरण. उत्तर तेलंगणातून आखाती देशांत कामाला जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. आमच्या गावाकडचा एक ओळखीचा गृहस्थ दुबईला चालक होता. तिथे त्याला पुन्हा शिकून परीक्षा द्यावी लागली, आणि ती पहिल्या खेपेस उतरली नाही. पट्टा नसेल तर चारशे दिरहम दंड आणि चार काळे गुण, असे चोवीस गुण भरले की परवाना जातो, परवाना गेला की नोकरी जाते. कितीतरी वर्षे त्याने एकदाही लाल दिवा तोडला नाही. हाच गृहस्थ गावी आला की मोटारसायकलवर बायको आणि दोन मुले घेऊन, डोक्याला काही न घालता, आदिलाबादला जातो. मी विचारले तेव्हा म्हणाला, “तिथं कॅमेरा पायते गा. इथं कोन पायते?”

या उत्तरावर आपण विचार करायला हवा. ‘त्यांच्या रक्तातच शिस्त आहे, आपल्या नाही’ असे जे सर्रास म्हटले जाते ते या एका माणसाने खोटे पाडले आहे. रक्त तेच, विमानाच्या चार तासांत सवय बदलते. आणि उलटही होते, भारतात येऊन राहणारे गोरे लोक महिन्याभरात हॉर्न वाजवायला शिकतात. जपानची गोष्ट तर याहून बोलकी आहे. जपानी शिस्तीचे आपल्याला मोठे कौतुक. त्याच जपानात १९७० साली रस्त्यावर १६,७६५ माणसे मेली. त्या काळात तिथले लोक याला ‘वाहतुकीचे युद्ध’ म्हणत. मग फुटपाथ आणि कठडे आले, सिग्नल आले, शाळेच्या वाटा ठरल्या, चालकांच्या शिक्षणात सुधारणा झाली, आणि पुढे दारू पिऊन गाडी चालवण्याबद्दलचे कायदे कडक झाले. २०२३ साली मृत्यूंचा आकडा २,६७८ होता. गाड्या दरम्यान कितीतरी पटींनी वाढलेल्या. हॉलंडमध्ये १९७१ साली तीन हजारांवर माणसे गेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आई-बाप रस्त्यावर उतरले, ‘मुलांच्या हत्या थांबवा’ अशी चळवळच उभी राहिली, आणि आज ज्या सायकलींच्या वाटा आपण चित्रात पाहतो त्यांच्यामागे ती चळवळही आहे. तेव्हा शिस्त ही जन्मजात वस्तू नव्हे.

आपल्याकडे २०२२ साली, सरकारी आकड्यांप्रमाणे, १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मरण पावली. दिवसाला चारशे साठाहून अधिक. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. त्याच वर्षी ग्रेट ब्रिटनमध्ये १,७११. लोकसंख्येचा फरक धरला तरी ही तुलना सुखाची नाही.

परदेशी प्रवासी आपल्या रस्त्याविषयी लिहितात ते नेहमी निंदेचेच असते असे नाही. पुष्कळांना आश्चर्य वाटते की एवढ्या गर्दीत गाय, हातगाडी, ऑटो, शाळकरी पोरे आणि बस एकमेकांना न धडकता जातात तरी कशी. याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे. आपण एकमेकांच्या डोळ्यांकडे पाहतो, हात करतो, ‘ओ दादा’ म्हणून हाक मारतो, थोडे सरकतो. ही देवघेवीची पद्धत आहे आणि बाजारपेठेत ती उत्तम चालते. मी तिची टवाळी करणार नाही. पण ती बैलगाडीच्या आणि सायकलीच्या वेगाची पद्धत आहे. थोडे गणित करू, पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी तपासून घ्यावे. बैलगाडी ताशी चार किलोमीटर चालते, म्हणजे सेकंदाला सुमारे एक मीटर. सायकल सेकंदाला चार मीटर. मोटारसायकल ताशी साठने गेली तर सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर. धोका दिसला, मनाला उमगला आणि पाय ब्रेकवर गेला, यात सरासरी दीड सेकंद धरला तर ब्रेक लागण्याआधीच पंचवीस मीटर संपले. चांगल्या कोरड्या रस्त्यावर पुढे थांबायला आणखी वीस-पंचवीस मीटर. एकूण पन्नासच्या आसपास. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते, हे वेगळे. आणि साध्या मोटारसायकलचा खाली केलेला दिवा अंधारातली काळपट वस्तू तीस-चाळीस मीटरांवर दाखवील तर पुष्कळ. उरलेल्या दहा मीटरांत ना डोळ्याला डोळा भिडतो, ना ‘ओ दादा’ ऐकू जाते.

त्या दहा मीटरांत माझा मावसभाऊ गेला. २०१६ च्या डिसेंबरात, कापसाच्या हंगामात. कापूस भरलेली एक ट्रॉली चाक बसल्यामुळे रस्त्यावरच उभी होती. मागे दिवा नव्हता. चालकाने आपल्या समजुतीप्रमाणे काळजी घेतली होती, मागे पाच-सहा दगड मांडले होते आणि पळसाची फांदी ठेवली होती. दिवसा ही खूण आपल्यापैकी कुणीही ओळखतो. रात्री फांदी काळी, दगड काळा, ट्रॉली काळी. समोरून येणाऱ्या ट्रकने दिवे वर केलेले होते. भावाचे हेल्मेट घरी खुंटीला होते. तो सव्वीस वर्षांचा होता. जर्मनीत बंद पडलेल्या मोटारीच्या पुष्कळ मागे, वेगवान रस्त्यावर शंभर मीटरांहूनही दूर, तो तांबडा चमकता त्रिकोण मांडायला जाकीट घालून चाललेला माणूस मी पाहिला तेव्हा मला पळसाची फांदी आठवली. कल्पना एकच आहे. फरक चमकण्याचा आणि अंतराचा.

भावाला उचलायला लोक थांबले होते, पण हात लावायला कचरत होते. पोलीस विचारतील, साक्षीला बोलावतील, दवाखान्यात पैसे मागतील. ही भीती आता कायद्याने तरी दूर केली आहे आणि ते प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत हवे. मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणाच्या सूचना बंधनकारक केल्या, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४ ए हे कलम आले. जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. त्याने आपले नाव सांगण्याची सक्ती नाही. आमच्या गावी त्या डिसेंबरात हे कुणाला ठाऊक नव्हते. निकाल लागून नऊ महिने झाले होते. जर्मनीत तर उलट आहे, शक्य असून मदत न करणे हाच तिथे गुन्हा आहे.

आपल्या भागात कापसाच्या जागी उसाच्या ट्रॉल्या असतात, एकामागे एक दोन जोडलेल्या, एवढाच फरक. तेव्हा गेल्या दिवाळीच्या सुटीत बेल्याला आम्ही काय केले ते सांगून थांबतो. गावातल्या सात-आठ कॉलेजच्या मुलांनी आदिलाबादहून रेडियमच्या पट्ट्यांची गुंडाळी आणली. मागे तांबडी, पुढे पांढरी, बाजूला पिवळी, हे रंग ठरलेले असतात. ते पाळले, नाहीतर अंधारात गाडी कोणत्या तोंडाची आहे ते कळत नाही. ट्रॉल्यांना पट्ट्या लावणे सोपे गेले. बैलगाड्यांना लावल्या आणि दोन दिवसांत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आमची चूक दाखवली. कापूस भरला की बोजा मागे फुगतो, ताडपत्री खाली लोंबते आणि फळीवरची पट्टी पार झाकून जाते. “रिकाम्या गाडीले चमकवून काय करता?” तो म्हणाला. मग मुलांनी तेलाचे जुने डबे कापून वीतभर पत्रे काढले, दोन्ही बाजूंना तांबडी पट्टी चिकटवली, आणि बोजाच्या खाली, आखाला, तारेने टांगले. पत्रा गाडीबरोबर हलतो, म्हणून तो लुकलुकतो. रात्री शाळेपाशी गाडी उभी करून आम्ही मोटारसायकलचा दिवा खाली ठेवून मागे मागे जात पाहिले. पावलांनी मोजले तर शंभर मीटरांच्या पुढेही तो दिसत होता. पट्टी पुरली तेवढ्या गाड्या झाल्या, उरलेल्यांसाठी पत्रे कापून ठेवले आहेत.